शेवाळाला हवा अंधार

रिहे गावच्या उषानं गुरं विकून रिकाम्या झालेल्या गोठ्यात शेवाळ पिकवायला घेतलं, तेव्हा गाव पोट धरून हसलं. तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. लग्नाआधी ती पुण्यात एका प्रयोगशाळेत हेच काम करायची आणि पहिली मागणी तिथूनच आली होती: एकपेशीय हिरवं शेवाळ, पण सगळ्या पेशी एकाच वयाच्या हव्यात. नमुना पास झाला तर गोठा तिचा. नाही तर सासरे हैबतराव तिथं भाड्याच्या खोल्या काढणार, असं घरात ठरलं होतं.

दिवसा ट्यूबलाइट, रात्री मिट्ट काळोख, ही उषाची रीत. सकाळी पेशी कोवळ्या असतात. उजेडावर पोसतात, तसा प्राणवायू सोडण्याचा जोर चढत जातो. पुढं फुटायची वेळ जवळ आली की तो जोर ओसरतो, आणि अंधारात एकीच्या चार होतात. प्राणवायू मोजणाऱ्या मीटरवरचा आकडा दुपारी चढून संध्याकाळी उतरला, की समजायचं, सगळ्या एका वयाच्या आहेत.

पण आता आकडा चढेना की उतरेना. कुणी वाढतंय, कुणी फुटतंय, नुसता बाजार. उषानं पाणी बदललं, खत तपासलं. शेवटी वैतागून दिवेलागणीला गोठ्यात शिरली, तर सासूबाई सारजाबाई भला मोठा बल्ब लावून हात जोडून उभ्या.

"आत्या, रोज लावता व्हय?"

"मग! गुरं गेली म्हून तिन्हीसांजेला गोठा अंधारात ठेवायचा? सकाळी मीच मालवते की."

उषाला रागही आला आणि हसूही. "आत्या, आत दिवस भरलेल्या लेकी हायेत. अंधाराशिवाय मोकळ्या व्हत न्हाईत."

सारजाबाई चपापल्या. त्यांनी बल्ब मालवला आणि त्याऐवजी एक पणती पेटवून दाराबाहेर ठेवली.

आठवडाभरात आकडा ताळ्यावर आला. नमुना द्यायच्या आदल्या संध्याकाळी हैबतराव खोल्यांच्या मोजमापासाठी टेप आणि टॉर्च घेऊन हजर.

"आकडा पडला म्हनं?"

"पडायलाच पायजे, मामा," उषा ठणकावून म्हणाली.

त्यांनी आत टॉर्च मारायला हात उचलला, तोच सारजाबाईंनी टॉर्च हिसकावून घेतला. "बाळंतपणाच्या खोलीत गडी शिरत्यात व्हय? जावा, ओसरीवर बसा."

नमुना पास झाला. पुढच्याच रविवारी जवळच्या भुकूम गावचा एक पोरगा खोलीची चौकशी करत आला. हैबतरावांनी त्याला दारातूनच परतवून लावलं.

"जागा न्हाई, बाबा. गोठा भरलाय."