तिला मराठी येत होतं

मी एका विद्यार्थिनीबद्दल खोटं बोललो, तेही तिच्या तोंडावर. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही.

लोणखेड्याच्या पुढे आमची शाळा. निम्मी मुलं गावातल्या बागायतदारांची, निम्मी सातपुड्यातून येऊन शेजारच्या वसतिगृहात राहणारी. सहावीला मी जपानवर उपक्रम घेतला. टीव्हीवर दाखवलं, की तिथली मुलं आपला वर्ग आपणच झाडतात, फरशी पुसतात, सगळी मिळून. मुलं कागदाचे करकोचे करायला शिकली. एकमेकांना कमरेतून वाकून नमस्कार करत आठवडाभर खिदळत होती. मीही रंगात आलो आणि झाडण्याच्या पाळ्या लावल्या, सगळ्यांच्या.

तोवर आमच्याकडे वर्ग झाडायची ती वसतिगृहातली मुलंच. तसं कुणी ठरवलं नव्हतं. ती जवळ राहतात, लवकर येतात, असं आम्ही म्हणायचो.

दुसऱ्याच दिवशी गावातले एक पालक फाटकाशी भेटले. रागावले नाहीत. हसत म्हणाले, "गुरुजी, मन्हा पोऱ्या शाळामा झाडू माराले येस का?" मी पण हसलो. पाळ्या बंद केल्या. करकोचे तेवढे दोऱ्याला लटकत राहिले.

पुढे तपासणीला साहेब आले. करकोचे पाहून खूश झाले, जपानकडून काय शिकलात म्हणून त्यांनी मुलांना विचारलं. शिस्त, वेळ पाळणं, स्वच्छता, अशी मी पाठ करून घेतलेली उत्तरं आली. मग वसतिगृहातली एक मुलगी उभी राहिली. घरी पावरी ही डोंगरातली आदिवासी बोली बोलणारी, पण मराठीचं पुस्तक वर्गात सगळ्यांच्या आधी वाचून संपवलेली.

"तिथे सगळे झाडतात," ती म्हणाली. "इथे आम्हीच झाडतो. मग आम्ही जपानी का, सर?"

चेष्टा नव्हती त्यात. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि विचारलं तिने मलाच. वर्ग हसला. साहेब माझ्याकडे बघत राहिले.

"डोंगरातली आहे, साहेब," मी म्हणालो. "मराठी नीट समजत नाही तिला."

साहेबांनी मान डोलावली. ती खाली बसली.

पोरं काही दिवस तिला 'जपानी' म्हणून चिडवायची, मग तेही थांबलं. तिचं बोलणं त्याआधीच थांबलं होतं. आता ती आठवीत आहे. परवा शिक्षकखोलीत नव्या बाई सांगत होत्या, काही विचारलं की ती खाली बघते आणि म्हणते, मला मराठी नीट येत नाही. आणि हे म्हणते अगदी स्वच्छ मराठीत. बाईंना गंमत वाटली होती. मी चहा पीत राहिलो.

वर्ग अजूनही वसतिगृहातलीच मुलं झाडतात.

तिला मराठी येत होतं आणि तिचा प्रश्न बरोबर होता, हे मला सांगायचं आहे. तिला एकटीला बाजूला बोलावून नव्हे, सगळ्या वर्गासमोर. एवढं मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.