गच्चीवरच्या चान्या

गच्चीवर पापड वाळतात, बोंबील वाळतात, मग मटण वाळलं तर कुणाचं काय बिघडतं? चंदनसारला आमच्या इमारतीत नव्याने आलेल्या एका मावशी मीठ, हळद आणि शेजारणीचा वर्षभरासाठी कुटून भरलेला तिखट बाटली मसाला चोळलेल्या मटणाच्या लांब पट्ट्या, म्हणजे चान्या, दोरीवर टांगत होत्या. त्यांचं नाव मला अजून ठाऊक नाही.

सेक्रेटरी ओरडत आले, "दोरी काढा!"

मी भांडायला सरसावलो. तोवर मावशींनी डब्यातली भाजलेली चानी त्यांच्या हातावर ठेवली. "आधी खा, भाऊ. मग ओरडा."

चिवट चानी चावताना सेक्रेटरींना बोलताच येईना.

"चावा निवांत," मावशी हसल्या. "ऊन सगळ्यांचं आहे. तोवर मी उरलेल्या टांगते."

सेक्रेटरींनी दुसरी चानी मागितली आणि दोरी राहिली.

तुमच्या गच्चीवर अशी दोरी दिसली, तर तक्रार करू नका. कावळे तेवढे हाकला.