रंगाऱ्यांची पेठ आणि माधवरावांचे दोन अहवाल

माधवरावांची आणि माझी पहिली भेट नांदेडच्या तामीरात कचेरीत झाली. निजामी अमलाची ती अखेरची वर्षे. बांधकामाच्या या खात्यात माधवराव ओव्हरसियर होते आणि मी बिलोलीहून आलेला नवखा कारकून. मला उतरायला जागा नाही, हे त्यांनी माझ्या तोंडावरून ओळखले आणि संध्याकाळी सरळ घरी नेले. "जागा मिळेपर्यंत इथंच राहा," म्हणाले. ती मिळायला चार महिने लागले. वहिनींनी केलेल्या अंबाडीच्या भाजीची चव अजून जिभेवर आहे.

त्याच पावसाळ्यात मोठे वादळ झाले. तीन दिवस पाऊस खळला नाही. गोदावरीने काठावरची रंगाऱ्यांची पेठ धुऊन नेली, माणसेही गेली. पाणी ओसरल्यावर प्रश्न उभा राहिला, पेठ तिथेच पुन्हा वसवायची की कायमची उठवायची? माधवरावांनी पाहणी करून अहवाल दिला: पेठ कोसभरावरच्या माळावर न्यावी. त्याची उर्दू नक्कल मीच केली. मोठ्या साहेबांनी लगेच हुकूम काढला.

तो वाचून दाखवायला आम्ही पेठेत गेलो. सखूबाई रंगारीण उभ्या राहिल्या. त्यांचा थोरला मुलगा पुरात गेला होता.

"साहेब, माझा लेक ह्याच पान्यानं नेला. मला काय नदीचा लळा हाय व्हय? पर कापड धुवाया पानी लागतंय. माळावर हाय का पानी?"

"विहीर खोदू, बाई."

"खडकात? पानी लागंस्तवर आमी खावं काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माधवरावांनी कावड मागवली, दोन घागरी भरल्या आणि नदीपासून माळापर्यंत स्वतः वाहून नेल्या. एकदा नव्हे, तीनदा. मी नुसता बरोबर चालत होतो, तरी दमलो. तिसऱ्या खेपेला त्यांच्या खांद्याची साल निघाली. माळावर बसून ते म्हणाले, "दत्तोपंत, मी चुकलो. दुसरा अहवाल लिहायचा."

दुसऱ्या अहवालात त्यांनी सुचवले, की घरे जुन्या पेठेमागच्या टेकाडावर, पुरुषभर उंच दगडी जोत्यांवर बांधावीत. काठावर फक्त रंगाच्या भट्ट्या असाव्यात. मी त्यांना विनवले, "साहेब खवळतील. नोकरी जाईल."

"खवळू देत. तुम्ही सुवाच्य लिहा."

मोठ्या साहेबांनी कागद वाचून विचारले, "पंधरा दिन में राय बदल गई?"

"जी हुजूर. पहले सिर्फ नदी देखी थी. लोग बाद में देखे."

योजना मंजूर झाली आणि माधवरावांची बदली लातूरला झाली. तरी रजा काढून ते जोत्यांचे दगड तपासायला येत. एक जोते तर त्यांनी उकलून पुन्हा घालायला लावले.

काही वर्षांनी गोदावरी पुन्हा चढली. खबर कळताच ते लातुराहून मिळेल त्या मोटारीने आले. आम्ही गुडघाभर चिखलातून टेकाडावर पोहोचलो, तर सखूबाई जोत्यावर उभ्या होत्या.

"भट्ट्या गेल्या, साहेब. रांजण बी गेले. मानसं समदी हायती."

माधवरावांचा विश्वास बसेना. ते घरोघर हाका मारत फिरले, माणूस न् माणूस डोळ्यांनी पाहिला. शेवटच्या घराच्या पायरीवर बसले आणि उपरण्यात तोंड घालून रडले. त्यांना रडताना मी तेवढे एकदाच पाहिले.

आज माधवरावांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथासाठी मी लिहितो आहे हे कळल्यावर त्यांनी लातुराहून निरोप धाडला, "पहिल्या अहवालाचं झाकू नका."

माधवराव, झाकले नाही. आता आमचेही एक ऐका. गुडघे दुखतात ही सबब पुरे झाली. पेठेतल्या सुना-नातवंडांनी आपल्याला पाहिलेले नाही. त्यांना यंदाच्या संक्रांतीला आपल्या हातून तिळगूळ हवा आहे. यंदा, पुढल्या वर्षी आणि शंभरी उलटेपर्यंत दर वर्षी, धडधाकट पायांनी आपण ते टेकाड चढून यावे.