रुक्मिणीने न मारलेली हाक

चाळीस वर्षं दशावतारात मी राक्षस रंगवले, राजे रंगवले. माझ्या आवाजाने देवळामागच्या माडावरचे कावळे उडत, असं लोक म्हणत. आता आवाजही बसला आणि पायही. मालवणच्या किनाऱ्यावर पुतण्याच्या ओट्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांचा खेळ बघतो. त्या खेळातलं माझं लाडकं पात्र म्हणजे रुक्मिणी.

ती कुडाळकडच्या भातशेतीवाल्या घरातली, बारावी शिकलेली. लग्न होऊन होडीवाल्या गुरुदासच्या घरी आली. हवामानाचे इशारे मोबाइलवर कचेरीच्या मराठीत येत, ते सगळ्यांना मालवणीत सांगायचं काम मच्छीमार सोसायटीने तिला दिलं. ताशी पन्नास किलोमीटर म्हणजे माडाची झावळ तुटून पडेल इतका वारा, असं ती समजावून सांगायची. पुरुष चिडवायचे, “गो हवामानखाता, बांगडो किती गावतलो ता पण सांग!”

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिने डबा विसरलेल्या गुरुदासला मागून हाक मारली होती. तो पाण्यातून परत आला, होडी ओढून घेतली आणि दिवसभर घरी बसला. दर्यावर निघालेल्याला मागून हाक मारायची नसते, अपशकुन होतो, असं सासूने, हौसाबाईने, तिला समजावलं. रुक्मिणी बाहेरून आलेली, म्हणून तिने तो नेम इथल्या बायकांपेक्षाही कडक पाळला.

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. सकाळी साडेसहाला गुरुदास आणि त्याचा खलाशी जितेंद्र यांनी होडी पाण्यात ढकलली. होडी वीस-पंचवीस हातांवर असेल, तेवढ्यात रुक्मिणीचा फोन वाजला. मुसळधार पाऊस, ताशी साठ किलोमीटरचे वारे, समुद्रात जाऊ नये. गुडघाभर पाण्यात उभी राहून तिने ते वाचलं. तोंड उघडलं आणि मिटलं. ओट्यावरून मी ते पाहिलं, पण मला काही उमगलं नाही. तिने गुरुदासला फोन लावला. इंजिनाच्या आवाजात त्याला तो ऐकू गेला नसावा. पुढे रेंज गेली. मग ती किनाऱ्यावर धावत सुटली आणि निघायच्या तयारीतल्या नऊ होड्या तिने थांबवल्या. ती माणसं तिच्याकडे तोंड करून उभी होती; त्यांना मारलेली हाक मागून नव्हती.

दहाला आभाळ काळं झालं, बाराला समोरचा किल्ला दिसेनासा झाला. सगळे माझ्याकडे आले. दाजी, तुमचं बोलणं साहेब ऐकतील, म्हणाले. मी बंदराच्या कचेरीत फोन लावला. पलीकडच्या साहेबांनी नावं, होडीचा रंग, सगळं विचारलं. मग म्हणाले, इशारा मिळाला नव्हता का त्यांना?

मिळाला नसावा, असं मी म्हणालो. रंगभूमीवर इतकी वर्षं काढूनही मला ते वाक्य नीट म्हणता आलं नाही. रुक्मिणीने माझ्या हातातून फोन घेतला.

“साहेब, मला मिळाला होता. होडी समोर दिसत होती. मी त्यांना हाक मारली नाही.”

हौसाबाई दारात उभी होती. ती आत गेली.

संध्याकाळी जितेंद्र रिकाम्या कॅनला धरून आचऱ्याच्या किनाऱ्याला लागला. होडी उलटल्यावर गुरुदासनेच तो कॅन त्याच्याकडे ढकलला होता. वारा पडल्यावर तीन दिवस शोध झाला. विजयदुर्गापर्यंत फोन गेले. होडीची एक फळी मिळाली, गुरुदास मिळाला नाही.

ते तीन दिवस रुक्मिणी पडवीत भिंतीला टेकून बसून होती. शेजारणी पेज ठेवत आणि तशीच परत नेत. कोणी समजूत घालायला गेलं, तर ती तेच एक वाक्य पुन्हा सांगे. चौथ्या दिवशी दुपारी मी काठी टेकत गेलो. हौसाबाई भाताचं ताट घेऊन बाहेर आली आणि तिच्यासमोर बसली.

“तुका ता शिकवलंय मी,” म्हातारी म्हणाली. “दोष घेवचोच, तर दोघी मिळान घेवया.”

रुक्मिणीने मान वर केली नाही. हौसाबाईने भात कालवला, एक घास स्वतः खाल्ला आणि दुसरा तिच्या तोंडाशी धरला. तो हात बराच वेळ तसाच होता. मी तोंड फिरवून उभा राहिलो.