मंगळावरच्या पाहुण्यांची पंगत

"अगोदर जेवा, मागून सांगा कोण तें!" असं म्हणून आमचे कारभारी उजवा हात अन्नछत्राच्या दाराकडे असा लांब करीत, की नवख्याला वाटावं, हे छत्र यांना सासऱ्यानं आंदण दिलंय.

तंजावूरहून ओरत्तनाडूकडे जाणाऱ्या वाटेवर मराठे राजांच्या वेळचं एक छत्र होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला तिथे फुकट जेवण मिळे. राज्य खालसा झालं, छत्र सरकारकडे गेलं, रसम पातळ झालं. कारभारी मात्र पिढीजात कारभाऱ्यांच्या घराण्यातलेच राहिले. मी कोठीवर होतो, तांदूळ-डाळ काढून द्यायला. आम्ही मराठी मंडळी त्यांना राव म्हणत असू, तमिळ लोक रायर. पोट असं सुटलेलं, की पहिल्या पंगतीआधीच हे जेवून आलेत असं वाटे. प्रत्यक्षात शेवटचा वाटसरू उठल्याशिवाय ते अन्नाला शिवत नसत.

"आमच्या दारातून आजवर कोणी उपाशी गेला नाही," हे ते दिवसातून एकदा तरी म्हणत. त्यांच्या जन्माची कमाई म्हणाल तर ती एवढीच होती.

दारात ते फक्त "जात?" एवढं विचारत आणि उत्तर आलं की बोट दाखवत. कोणी आतल्या दालनात, कोणी ओसरीवर, कोणी मागच्या कुंपणापलीकडे चिंचेखाली. तिथे शिजलेलं मिळत नसे, कोरा तांदूळ मिळे. ते विचारणं इतकं सवयीचं होतं, की आम्हाला कोणालाच ते ऐकू येईनासं झालं होतं.

एकदा मी वर्तमानपत्र वाचून दाखवत होतो. मंगळावर म्हणे सरळ रेषा दिसतात, आणि ते कालवे असावेत असं कोणी दुर्बीणवाला म्हणतो. राव ताडकन उठून बसले.

"कालवे? मग माणसं आहेतच! कालवा आपला आपण सरळ जातो काय? मध्ये कोणाचं तरी शेत येतं, तो भांडतो, कोणी तरी त्याची समजूत घालतो. त्यावाचून कालवा झालेला मी तरी पाहिला नाही."

झालं! कावेरीकाठच्या माणसाला एवढा पुरावा बस होता. कालवा आहे तर भात आहे, भात आहे तर जेवणारे आहेत, जेवणारे आहेत तर कधी ना कधी प्रवासाला निघणार. निघाले की उतरणार कोठें? छत्रात!

स्वयंपाकी तमिळ होता, जिभेचा तिखट. तो म्हणाला, "रायर, त्यांना तोंड असेल ना?"

"तोंडावाचून भांडतील कसे? आणि तूं पहिल्या दिवशी मिरी कमी घाल. लांबून आलेले असतील."

तेव्हापासून येईल त्या वाटसरूला मंगळाची हकीकत ऐकावी लागे. फुकटच्या जेवणाची तेवढीच किंमत, असं आम्ही आपसांत म्हणून हसत असू.

चैत्रातल्या एका भर दुपारी एक गृहस्थ म्हाताऱ्या आईला घेऊन आला. रावांची कथा रंगात आली होती. ती संपेपर्यंत तो दाराबाहेर उन्हात उभा राहून ऐकत होता, मधूनच हसतही होता. मग राव वळले. "जात?"

त्यानं सांगितली. एका खेड्यात मुलांना शिकवतो, हेही सांगितलं. रावांचं बोट चिंचेकडे गेलं.

तो हलला नाही. तमिळमध्ये अगदी अदबीनं म्हणाला, "रायर, मंगळाहून कोणी आलं, तर त्याला कुठे बसवाल?"

"आत! माझ्या शेजारी!"

"जात नाही विचारणार?"

"त्याला कसली हो जात?"

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. "आम्ही फार जवळून आलो," एवढंच म्हणाला आणि आईचा हात धरून चालू लागला. म्हातारी मात्र वळून वळून आत पाहत होती. रसमाला नुकतीच फोडणी पडली होती.

राव क्षणभर बोट तसंच धरून उभे राहिले. मग आत धावले, ताकाचा तांब्या उचलला आणि तापलेल्या वाटेवरून अनवाणी त्यांच्यामागे पळाले. परत आले तेव्हा तांब्या भरलेलाच होता.

"घेतलं नाही?" मी विचारलं.

"घेत होती म्हातारी. ओंजळ पुढे केली होती. माझाच हात वर गेला, शिवू नये म्हणून. मी नेला नाही हो, आपसूक गेला. तिनं तो पाहिला आणि ओंजळ मागे घेतली."

त्या दिवशी राव जेवले नाहीत.

पुढे त्यांनी वर अर्ज केला, की दारात जात विचारणं बंद करावं. साहेबाच्या कचेरीतले आपलेच लोक हसले. "मंगळवाल्यांची सोय करताय काय, राव?" आतल्या पंगतीतले म्हणाले, असं झालं तर आम्ही पानावरून उठू. राव परत दारात येऊन उभे राहिले आणि पुन्हा "जात?" विचारू लागले, आता मात्र मान खाली घालून. बंड करण्याची धमक त्यांच्यात नव्हती. आमच्यापैकी कोणातच नव्हती. पण 'अगोदर जेवा' हे आपलं जुनं वाक्य ते पुन्हा कधी बोलले नाहीत, आणि कोणी उपाशी गेला नाही, हेही नाही.

संध्याकाळी ते पायरीवर बसत. चिंचेच्या वर तो तांबडा तारा दिसू लागला, की स्वयंपाकी मुद्दाम छेडी, "रायर, पाहुणे कधी येणार?"

"नको. इतक्यात नको," राव म्हणत. "घर आवरलेलं नाही."

राव गेले. परवा कोठीला कुलूप लावून बाहेर आलो, तर चिंचेवर मंगळ आला होता. सवयीनं थांबलो. दारातून नव्या कारभाऱ्याचा आवाज आला, "जात?" मला वर पाहवेना. वरून कोणी पाहत असेल, तर त्याला माझं तोंड दिसू नये, असं वाटलं.