पाणी येई चारला

माझं नाव कुठेच छापून येत नाही, याचा मला भयंकर राग होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं कळेल. दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनाचं स्वागतगीत मी लिहायचे, जयंतीच्या कार्यक्रमातलं समूहगीत मी लिहायचे, द्वारकेतल्या आमच्या सोसायटीच्या होळीचं हिंदी गाणंसुद्धा मीच. पत्रिकेवर मांडववाल्याचं नाव, माइकवाल्याचं नाव, जिलेबीवाल्याचं नाव. माझं नाही. विचारलंच कुणी तर सेक्रेटरी म्हणायचे, अपनी मैडम ने लिख दिया. जणू मी पाकिटावर पत्ता लिहून दिला होता.

तेव्हा द्वारकेत मेट्रो नव्हती. सोसायटीतले निम्मे फ्लॅट रिकामे, लिफ्टला अजून प्लॅस्टिक गुंडाळलेलं, आणि पाणी टँकरने. नवरा कंपनीच्या कामाने महिना महिना चेन्नईला असायचा. घरात मी आणि बाबा. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. मी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी ऑफिसात फायली पुढे सरकवायचे आणि फायलींच्या पाठीमागे गाणी लिहायचे.

तर एके दिवशी पेपरात जाहिरात आली. फरीदाबादच्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत सहा दिवसांचं निवासी शिबिर: अनोळखी माणसांनी एकत्र राहायचं, एकत्र गाणी करायची, आणि निवडलेल्या गाण्यांची कॅसेट निघणार. कॅसेटवर गीतकाराचं नाव. मी ती ओळ तीनदा वाचली. मग अर्जित रजेचा फॉर्म भरला आणि कारण म्हणून ‘घरगुती’ लिहिलं. बाबांना मात्र खरं सांगितलं. ते म्हणाले, नाव छापणार असतील तर जा. आणि त्याच संध्याकाळी खाली जाऊन गेटवरच्या चौकीदारालाही सांगून आले.

स्टुडिओ म्हणजे जुना धाग्याचा कारखाना. मालक पूर्वी रेडिओसाठी कुकर आणि हवाई चपलांच्या जाहिरातींची गाणी करायचे. मग चॅनेल वाढली, जाहिराती वाढल्या, आणि त्यांनी हा कारखाना घेतला. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले, दाराला रजई ठोकलेली. सगळं छान, फक्त शेजारी एक प्रेस होती. छापखाना नव्हे, पत्रा दाबायची प्रेस. दर चार सेकंदांनी धाडकन. अंड्यांच्या ट्रेने काय थांबणार ती, कप्पाळ. त्यामुळे रेकॉर्डिंग फक्त एक ते दीड, म्हणजे शेजारच्यांची जेवणाची सुट्टी असेल तेव्हा. भोंगा झाला की आम्ही गायला धावायचो. आम्ही जेवायचो दीडनंतर, धाडकन, धाडकन, वरणावर साय हलत असायची.

मालकांचा नियम एकच आणि तो फळ्यावर खडूने लिहिलेला: घर से कुछ नहीं लाना. म्हणजे तयार गाणं, जुनी वही, आधी सुचलेली ओळ, काही चालणार नाही. जे व्हायचं ते इथे, सगळ्यांसमोर. कुणी घरचं खपवलं तर त्याचं नाव कॅसेटवरून जाईल. मला नियम पटला. माझ्याकडे घरचं काही नव्हतंच, सगळं मंडळाने वापरून टाकलं होतं.

तिघातिघांचे गट पडले. आमच्या गटात एक होते जुन्या फरीदाबादचे काका, लग्नाच्या बँडमध्ये अकॉर्डियन वाजवणारे. चाली त्यांच्या. गाणार होती गुडगावची एक कॉलेजकन्या, तिचा आवाज स्वच्छ धुतलेल्या काचेच्या ग्लाससारखा. आणि शब्द माझे. काका मला बहनजी म्हणत, मुलगी आंटी म्हणे. आंटी ऐकून माझं डोकं फिरायचं, पण कॅसेटसाठी गप्प बसले.

पहिले दोन दिवस मी हिंदीत चांदण्या पाडल्या. चाँदनी, तनहाई, परछाईं. काका अकॉर्डियनचा भाता मिटून मान हलवायचे. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, आधी चाल करू, तुम्ही फक्त डमी द्या. डमी म्हणजे चाल धरून ठेवायला घातलेले कसलेही शब्द, नंतर फेकून द्यायचे. लोक लालाला म्हणतात, कुणी फोन नंबर गातात. मला काही सुचेना, म्हणून तोंडात आलं ते म्हटलं:

पाणी येई चारला गं, दूध येई पाचला,
टोकन बांध पदराला, विसरू नको त्याला.
भाजीवाला बोले ‘बारा’, ‘आठ’ म्हण, भिऊ नको,
शेजारणीला ‘नमस्ते’ कर, दाराआड राहू नको.

हे आमच्या घरातलं गाणं. बाबांना दिल्लीत नोकरी लागली तेव्हा आई विदर्भातल्या खेड्यातून इथल्या सरकारी क्वार्टरमध्ये आली. हिंदीचा एक शब्द येत नव्हता तिला, आणि बाबा आठला ऑफिसात जायचे ते सहाला परत. तेव्हाच्या दिल्लीत कसं राहायचं, नळ किती वाजता, दुधाच्या बूथवर टोकन कसं द्यायचं, बस कुठली, हे सगळं त्या गाण्यात होतं. चांगली बारा-तेरा कडवी. आई पोळ्या लाटताना म्हणायची. गाणं अर्थातच बाबांचं. तरुणपणी ते गावाकडे गायन पार्टीत होते, गाणी रचायचे, लोक त्यांना ऐकायला रात्र रात्र बसायचे. आमच्या घरात गाणी करणारा माणूस एकच, हे ठरलेलंच होतं.

तर काकांनी त्या डमीवर चाल बांधली. आणि काय बांधली. लग्नाच्या बँडमधला माणूस, नाचवायचं त्याला बरोबर कळतं. मुलगी गायली, मराठी शब्द तिने असे घेतले की जसं काही तिला गुडगावच्या टॉवरमध्ये रोज चारला उठून बादल्या भराव्या लागतात. म्हणजे लागतच होत्या, नंतर म्हणाली, त्यांच्याकडेही टँकरच होता.

आता खरे शब्द लिहायचे होते. चौथा दिवस गेला, पाचवा दिवस गेला. माझ्या नाकी नऊ आले. ‘पाणी येई चारला’च्या जागी काहीही घातलं की चाल लंगडायची. शेवटी काका हळूच म्हणाले, “बहनजी, चाँदनी से तो पानी ही अच्छा था.”

शनिवारी एकचा भोंगा झाला आणि आमच्याकडे शब्द नव्हते. अर्ध्या तासात गाणं ध्वनिमुद्रित झालं नाही तर आमचा गट बाद. मुलगी म्हणाली, आंटी, डमी गाऊ का. मी म्हटलं गा. ती गायली. काका वाजवता वाजवता उभेच राहिले. काचेपलीकडे मालकांनी कानांवरचे हेडफोन काढले, आणि दीडचा भोंगा व्हायच्या आत ते आत येऊन म्हणाले, हेच ठेवायचं, मराठीच ठेवायचं, समजत नाही तरी समजतंय. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “किसने लिखा?”

“मैंने,” मी म्हटलं.

इतकं सोपं होतं. एक श्वास पण नाही लागला. पाठोपाठ धाडकन प्रेस सुरू झाली आणि सगळे जेवायला गेले. मी वरणभात कालवत स्वतःला समजावत होते. बाबा म्हणजे काय परके आहेत का. बाबांचं ते माझंच. आणि बाबांनी उभ्या जन्मात गाण्याला नाव लावलं नाही, गायन पार्टीत कोण नावं लावतं. पण फळ्यावरचा नियम समोरच होता, आणि फळ्याकडे पाठ करून बसले तरी तो पाठीला वाचता येत होता.

रविवारी घरच्या मंडळींना ऐकायला बोलावलं होतं. आली का पंचाईत. बाबांना फोन करून येऊ नका म्हणावं असं सकाळी दहादा वाटलं. पण पीसीओपर्यंत जाऊन परत आले. काय सांगणार होते. ते अकराला आले, तीन बसा बदलून, सफारी सूट, खिशाला पेन, हातात पेढ्यांचा डबा. माझ्या नावाचे पेढे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर भर दुपारी लख्ख पडलं होतं.

रविवार असल्यामुळे प्रेस बंद होती. इतकी शांतता त्या जागेत मी सहा दिवसांत ऐकली नव्हती. आमचं गाणं लागलं. पहिल्याच ओळीला बाबांनी मान वर केली. मग पूर्ण गाणं होईपर्यंत ते ताठ बसून राहिले, पेढ्यांचा डबा मांडीवर, नजर स्पीकरवर. मी त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवून सतत त्यांच्याकडेच बघत होते. गाणं संपलं. मालकांनी जाहीर केलं, चाल काकांची, आवाज मुलीचा, आणि शब्द म्हणून माझं नाव घेतलं. पूर्ण नाव, माइकवर. टाळ्या पडल्या. बाबांनीही वाजवल्या. सगळ्यांच्या थांबल्या तरी ते थोडा वेळ वाजवतच राहिले.

चहाच्या वेळी मी त्यांना रजईच्या दाराबाहेर गाठलं. कपातला चहा बशीत आला होता.

“बाबा, मी तुमचं गाणं चोरलं,” मी म्हटलं.

त्यांनी पेढ्यांचा डबा एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला. मग म्हणाले, “माझं? माझं कुठलं ते. मी तिला एका कागदावर लिहून दिलं होतं, नळ चारला, दूध पाचला. सरकारी परिपत्रकासारखं. ती घाबरायची, लक्षात राहीना. मग एके दिवशी ऑफिसातून आलो तर गात होती. सगळं तिनेच बसवलेलं. चाल वेगळी होती, ओवीसारखी.”

एवढी वर्षं ते गाणं ऐकलं. मी स्वतः बाई, स्वतः गाणी लिहिणारी, नाव येत नाही म्हणून घरभर आदळआपट करणारी, आणि पोळपाटापाशी उभ्या असलेल्या माझ्या आईला एकदाही विचारलं नाही की हे कुणी केलं गं. लाज वाटली. अजून वाटते. शेवटी विचारायचं म्हणून विचारलं, मग टाळ्या कशाला वाजवल्यात.

“तिच्यासाठी,” बाबा म्हणाले. “तेव्हा वाजवायला हव्या होत्या. राहून गेल्या.”

मी चहा तिथेच ठेवला आणि मालकांकडे गेले. सगळं सांगितलं, काका आणि मुलगी ऐकत असताना. मुलगी म्हणाली, सो स्वीट. काकांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. मालक जाहिरातीतले, त्यांच्या डोक्यात लगेच हिशेब झाला. चाल इथे झालेली आहे, गाणं राहील. नियमाप्रमाणे माझं नाव जाईल. शब्दांपुढे काय लिहायचं तर ते म्हणाले, जुनं गाणं आहे, बाई हयात नाहीत, ‘पारंपरिक’ लिहून टाकू. सगळे तसंच लिहितात.

बाबा माझ्या मागे येऊन उभे होते, मला कळलंही नव्हतं. सरकारी नोकरीत उभा जन्म गेला, साहेबासमोर त्यांचा आवाज कधी चढला नाही. तिथेही चढला नाही.

“पारंपरिक कैसे?” ते म्हणाले. “नाम था उसका.”

आणि खिशातलं पेन काढून त्यांनी टेबलावरचा कॅसेटच्या कव्हरचा कच्चा कागद पुढे ओढला, माझं नाव एका रेघेने खोडलं, सरळ, पट्टीने मारल्यासारखं, आणि वर आईचं नाव लिहिलं. पूर्ण. तिचं, माझ्या आजोबांचं, मग आडनाव. माहेरचं आडनाव. मी म्हटलं, बाबा, आपलं आडनाव. ते म्हणाले, गाणं करायला ती तिकडूनच शिकून आली होती. मग पेढ्यांचा डबा उघडला आणि मालकांपासून ते अंगण झाडणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांना पेढे दिले, आणि प्रत्येकाला सांगितलं की हे गाणं लिहिणारीकडून आहेत.

परतीच्या बसमध्ये मी रडले की रुसले होते, आठवत नाही. खोटं कशाला बोलू, दोन-चार दिवस मला वाईटच वाटत होतं. हातातोंडाशी आलेला घास, आणि तो माझ्याच आईने नेला. चौकीदाराने विचारलं, मैडम, नाम छप गया? तर बाबाच परस्पर म्हणाले, हाँ, छप गया.

कॅसेट चार महिन्यांनी आली, पोस्टाने, दोन प्रती. फारशी खपली नाही. त्या वर्षी लोक सीडी घ्यायला लागले होते. बाबा ती कधी वाजवत नसत. टँकरची वाट बघत खाली बाकावर बसायचे तेव्हा डबी खिशात असायची, आणि नवं कुणी शेजारी येऊन बसलं की बाहेर काढून, नखाने ती ओळ दाखवायचे. रेशनकार्डावर आई ‘पत्नी’ होती, क्वार्टरच्या पाटीवर नव्हतीच, आणि तिचं पूर्ण नाव त्याआधी एकदाच छापून आलं होतं, आम्ही पेपरात दिलेल्या निधनाच्या बातमीत. त्यातही नावाच्या आधी बाबांचं नाव होतं, अमक्यांच्या पत्नी म्हणून. ती बातमी मीच लिहिली होती.