कोपराखालचा हात

चर्चमध्ये प्रभुभोजनाचं ताट आमच्या बाकाशी आलं. भाकरीचा तुकडा मी उचलला आणि ताट माझ्या नवऱ्याला ओलांडून पलीकडच्या माणसाकडं गेलं. सगळ्या मंडळीदेखत. ह्यांनी हात अर्धा पुढं केला होता, तो मागं घेऊन मांडीवर ठेवला. नवऱ्यासाठी मीही तुकडा परत ठेवला असं लिहिलं असतं तर वाचायला बरं वाटलं असतं. मी तो खाल्ला.

आमचे हे, शमुवेल, गेल्या महिन्यात वारले. चर्चमध्ये भाषणं झाली. आईबापाचा मान कसा राखावा ते शमुवेलकडून शिकावं, असं जो तो म्हणाला. ते ताट पलीकडं नेणारे गृहस्थही म्हणाले. मी चौथी शिकलेली बाई, मला चारचौघांत उठून बोलता येत नाही. म्हणून लिहिते आहे.

ह्यांचं आधीचं नाव शंकर. माझे सासरे, आबा, हुपरीत चांदीचे पैंजण घडवायचे. मुलानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते म्हणाले, "माझ्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवायचा न्हाय." बोलले आणि कदाचित विसरलेही असते, पण हे विसरले नाहीत. दर रविवारी उपासना झाली की एसटीनं हुपरीला जायचे आणि दाराबाहेर उभे राहायचे. "आबा, बरं हाय न्हवं?" आतून उत्तर यायचं, "मेलो न्हाय अजून!" एवढं ऐकून परत. लग्नानंतर मला नेलं तेव्हा पाऊस लागला होता. सासूबाई होत्या तेव्हा. त्यांनी मला आत बोलावलं, मी गेले, मला कुठं बंदी होती? मी चहा पीत बसले आणि हे गल्लीत भिजत उभे. परतताना मी म्हटलं, "बापाचं ऐकायचं म्हंजे एवढं?" तर म्हणाले, "त्यांचं ऐकता येईल असं तेवढंच एक हाय."

सत्तर सालाच्या आसपास आबांना लकवा मारला. सासूबाई तोवर गेल्या होत्या. निरोप आला तसे आम्ही दोघं धावलो, तर हे दाराशी येऊन थांबले. आत बाप जमिनीवर पडलेला आणि हा माणूस बाहेर उभा! मी ओरडलेच. आबांनी मान वळवली. तोंड वाकडं झालं होतं, तरी शब्द कळले. "ये की आत, मुडद्या."

त्यांना कोल्हापुरात आमच्या खोलीवर आणलं, आणि त्यांच्यासोबत त्यांचे देव आले. चांदीच्या पत्र्यावर आबांनी स्वतः ठोकून उठवलेले टाक. कोनाड्यात मांडले. मी मिशनच्या आवारात वाढलेली, माझा जेवणात जीव लागेना. पहिल्याच सकाळी आबा म्हणाले, "शंकऱ्या, फूल वाहा." त्यांनी हे नाव कधी सोडलं नाही, आणि ह्यांनी त्या नावाला ओ देणं.

"आबा, ते माझ्यानं व्हायचं न्हाय. तुम्ही वाहा, मी धरतो."

बापाला काखेत धरून उभं केलं आणि त्यांच्या चालत्या हाताच्या कोपराखाली आपला तळवा लावला. फूल आबांच्या बोटांत. तो हातही थरथरायचा. फूल पडलं की हे उचलून पुन्हा बापाच्या बोटांत द्यायचे, टाकांवर कधी ठेवलं नाही.

"अरं, जवळच हाईस तर ठेव की!"

"न्हाय, आबा."

"हट्टी हाईस."

"तुमचाच हाय."

मंडळीत बोभाटा झाला. पाळकसाहेब घरी आले आणि म्हणाले, मूर्ती बाहेर काढ, नाहीतर तुला प्रभुभोजन देता येणार नाही. हे म्हणाले, "आबा हाईत तोवर राहतील." ते गेल्यावर मी धरलंच ह्यांना. "हे पाप हाय का न्हाय, तेवढं मला सांगा."

"हात मी बापाला लावलाय. देवाला न्हाय."

"आणि वर तसं धरत नसतील तर?"

हे उठले आणि आबांची कूस बदलायला गेले.

आबा जाईपर्यंत ताट असंच ह्यांना ओलांडून जात राहिलं. आबा गेले, अग्नी चुलतभावानं दिला, टाकही तोच हुपरीला घेऊन गेला. पुढच्या प्रभुभोजनाला ताट ह्यांच्यापुढं थांबलं. ह्यांनी घेतलं. घरी येऊन म्हणाले, "बाप मेला म्हणून मिळालं," आणि त्या दिवशी जेवले नाहीत. मी विचारलेल्याचं उत्तर पुढंही कधी दिलं नाही. लोक भाषणात पुण्य म्हणाले. मला अजून ठरवता येत नाही, आणि ते राहून राहून डोक्यात येतं.

ह्यांच्या शेवटच्या आजारात नवे पाळक प्रभुभोजन घेऊन घरी आले. ह्यांचा हात उचलेना. पाळक तुकडा तोंडात घालू लागले तर ह्यांनी मान हलवली आणि माझ्याकडं पाहिलं. मी कोपराखाली हात लावला. तुकडा एकदा पडला. मी उचलून त्यांच्या बोटांत दिला.

कोनाडा रिकामाच आहे. त्यात ह्यांनी कधी काही ठेवू दिलं नाही, मीही ठेवलेलं नाही. ह्या खोलीत तेव्हा आम्ही तिघं होतो. आता मी आहे.